टेबलावर तर चालत होतं

इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डांविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांतून चार निवडली आहेत. त्यांपैकी तिघांनी 'टेबलावर तर चालत होतं' हे वाक्य जसंच्या तसं लिहिलंय. चौथ्याने लिहिलं नाही, पण त्याच्याही मनात तेच असावं. माझ्या टेबलाच्या डाव्या खणात माझेच वाया गेलेले बोर्ड आहेत. प्रत्येकाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली आणि तिच्यावर चूक लिहिलेली. उत्तरं लिहिताना तो खण उघडा ठेवला होता.

प्रश्न : ताई, मी ईएसपी३२ या वाय-फायवाल्या छोट्या संगणक-चिपच्या मॉड्यूलवर हवामान नोंदवणारा बोर्ड केला आहे. यूएसबीवर दिवसभर चालतो, पण लिथियम सेलवर वाय-फाय जोडताना रीसेट होतो. मल्टिमीटर ३.२ व्होल्ट दाखवतो, म्हणजे सप्लाय ठीक असावा. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यावर थोडाच फरक पडला. ब्राउनआउट डिटेक्टर बंद करून टाक, असं एका मित्राने सांगितलं. करू का? सर्किट आणि फोटो सोबत आहेत.

उत्तर : नका करू. थर्मामीटर फोडला म्हणून ताप उतरत नाही. व्होल्टेज पडल्यावर तो डिटेक्टर चिपला थांबवतो. तो नसला तर चिप अर्धपोटी काम करत राहील आणि नेमकी फ्लॅशमध्ये काही लिहीत असताना अडखळली तर तिथला मजकूर बिघडेल. मग आजच्या रीसेटची आठवण येईल.

आधी मल्टिमीटरबद्दल. तो खोटं बोलत नाही, फक्त सावकाश बोलतो. सेकंदातून दोन-चार वेळा सरासरी दाखवणारं ते यंत्र. वाय-फायचं प्रक्षेपण सुरू होताना पडणारा खड्डा त्याला दिसणारच नाही. व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप मिळवा, मॉड्यूलच्या पिनवरच प्रोब धरा, ग्राउंडची लांब चिमटावाली वायर काढून टाकून छोटी स्प्रिंग लावा आणि ३.० व्होल्टच्या खाली जाताना ट्रिगर होईल, म्हणजे तो क्षण पकडला जाईल, असं ठेवा. स्कोप नसेल तर निदान सिरियल मॉनिटरवर रीसेटचं कारण वाचा. चिप ते स्वतःहून सांगते.

तुमच्या बोर्डवर दोन दुखणी एकत्र आली आहेत. पहिलं रेग्युलेटरचं, म्हणजे व्होल्टेज ठरलेल्या आकड्यावर धरणाऱ्या भागाचं. तुम्ही १११७ जातीचा लावलाय. ३.३ व्होल्ट बाहेर द्यायला त्याला आत सुमारे १.१ व्होल्ट जास्त लागतो, म्हणजे ४.४. काठोकाठ भरलेला लिथियम सेल ४.२ देतो आणि त्याचा बराचसा काळ ३.७ च्या आसपास जातो. हे गणित पहिल्या दिवसापासूनच तुटीचं आहे. तुम्ही मोजलं तेव्हा सेल नुकताच चार्ज झालेला असणार, म्हणून ३.२ तरी दिसले. यूएसबीचे ५ व्होल्ट ही तूट झाकत होते, इतकंच.

दुसरं दुखणं ट्रॅकचं, म्हणजे बोर्डवरच्या तांब्याच्या वाटेचं. फोटोत पट्टी लावून पाहिलं : रेग्युलेटर एका कोपऱ्यात, मॉड्यूल समोरच्या कोपऱ्यात, मध्ये साधारण १२ सेंटिमीटरचा पाव मिलिमीटर रुंद ट्रॅक. नेहमीच्या ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्यात एका चौरसाचा रोध सुमारे अर्धा मिलिओहम असतो. चौरस कितीही मोठा घ्या, रोध तोच. तुमच्या ट्रॅकमध्ये असे ४८० चौरस बसतात. म्हणजे जवळजवळ पाव ओहम. परतीचा ग्राउंडही तितकाच बारीक काढलाय, म्हणून एकूण अर्धा ओहम. मॉड्यूल बनवणारे सप्लायकडून किमान अर्धा अँपिअर मागतात. तेवढा प्रवाह वाहिला की पाव व्होल्ट वाटेतच संपतो. नीट ३.३ मिळाले असते तरी मॉड्यूलच्या तोंडी ३.०५ पोचले असते, आणि डेटाशीटमधली खालची मर्यादा ३.० आहे.

तुमचा मोठा कपॅसिटर का फसला तेही यातच आलं. तो रेग्युलेटरला खेटून बसवलाय. पाण्याची टाकी मोठी केली, पण नळी तीच राहिली. साठा मॉड्यूलच्या पिनपाशी हवा : २२ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक आणि शेजारी ०.१ चा. सिरॅमिक निवडताना अंगावरच्या आकड्यावर विसंबू नका. व्होल्टेज चढलं की त्यांची क्षमता घटते. आकाराने बारीक आणि कमी व्होल्टेजचा घेतला तर छापलेल्या क्षमतेच्या निम्मीही कधीकधी हाती लागत नाही. डेटाशीटमध्ये त्याचा आलेख असतो. तो मी पहिल्यांदा उघडला तोवर माझ्या खणात चार बोर्ड जमा झाले होते.

रेग्युलेटर बदला. अर्ध्या अँपिअरला ०.२ व्होल्टच्या आसपास भागवणारे एलडीओ, म्हणजे कमी फरकावर चालणारे रेग्युलेटर, मिळतात. सेल अगदी तळाला जाईपर्यंत वापरायचा असेल तर व्होल्टेज गरजेप्रमाणे चढवणारा-उतरवणारा बक-बूस्ट घ्या. बदलण्याचं आणखी एक कारण आहे. १११७ नुसता बसून राहिला तरी ५ मिलिअँपिअर खातो. २००० मिलिअँपिअर-तासांचा सेल त्याने एकट्यानेच सोळा-सतरा दिवसांत रिकामा केला असता. मॉड्यूलला गाढ झोपेत नेण्यासाठी तुम्ही केलेला सगळा खटाटोप तिथेच वाया जात होता.

प्रश्न : ताई, मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी दोन लेयरचा (तांब्याच्या थरांचा) बोर्ड पुरेल की चार लेयरचा करू? ऑटोराउटरने (ट्रॅक आपोआप काढणाऱ्या प्रोग्रामने) दोन लेयरमध्ये सगळे ट्रॅक बसवून दिले आहेत. अँटेनाला आडोसा मिळावा म्हणून तिच्याखाली ग्राउंडचं तांबं भरलं आहे. टेबलावर चालतं, पण दुसऱ्या खोलीत गेलं की सिग्नल जातो.

उत्तर : अँटेनाखालचं तांबं काढ, आजच. अँटेनाने हवेत लहरी सोडायच्या असतात, तू तिच्या अंगावर पांघरूण घातलंस. मॉड्यूल बोर्डच्या कडेला आण. अँटेनाचा भाग कडेबाहेर डोकावला तर उत्तमच. तसं जमत नसेल तर तिच्याभोवती निदान १५ मिलिमीटर जागा सगळ्या लेयरमध्ये मोकळी ठेव. तिथे ना तांबं, ना ट्रॅक, ना स्क्रू.

आता लेयरचं. दोन की चार हा प्रश्न नंतरचा. जाणारा प्रत्येक प्रवाह परत कुठून येतो, हे आधी पाहा. संथ प्रवाह सगळ्यात कमी रोधाची वाट धरतो. वेगवान सिग्नलचा परतीचा प्रवाह मात्र ग्राउंडमध्ये आपल्या ट्रॅकच्या बरोबर खाली, सावलीसारखा चालतो. त्या सावलीच्या वाटेत तू ग्राउंडला चीर पाडलीस की त्याला वळसा घालावा लागतो, आणि तो वळसा म्हणजे नको असलेली अँटेना. ऑटोराउटरला याचं काही सोयरसुतक नसतं. तुझ्या आराखड्यात खालच्या लेयरवरच्या ग्राउंडला अकरा चिरा मोजल्या, आणि सेन्सरच्या क्लॉकचा ट्रॅक त्यांतल्या तीन ओलांडून जातो.

खालचा लेयर जवळपास अखंड ग्राउंड ठेवून वरच्या लेयरमध्ये सगळं बसत असेल तर दोन पुरतात. तुझं बसेल असं वाटतं, फक्त भाग हाताने फिरवावे लागतील. ट्रॅक काढण्यापेक्षा भाग मांडण्यात जास्त वेळ गेला पाहिजे. नाहीच बसलं तर चार कर, आणि दुसरा लेयर नुसतं ग्राउंड. त्यात एकही ट्रॅक घालायचा नाही, 'हा एकच' म्हणूनसुद्धा नाही.

बोर्ड करायला पाठवण्याआधी आराखडा कागदावर मूळ मापात छाप आणि खरे भाग त्यावर ठेवून बघ. माझ्या खणात बत्तीस बोर्डांचा एक गठ्ठा आहे. त्यांची चिठ्ठी सांगते, 'कनेक्टर खालून पाहून काढला, वरून बसवला.' पिना आरशातल्यासारख्या उलटल्या होत्या. कागदावर ते दहा मिनिटांत कळलं असतं.

प्रश्न : आमची तिघांची छोटी कंपनी आहे. शीतगृहातलं तापमान नोंदवून फोनवर इशारा देणारं यंत्र आम्ही बनवतो. ३०० नग बाहेर आहेत. फोनवरून मदत करणं सोपं जावं म्हणून सगळ्यांचा पासवर्ड एकच ठेवला आहे. आता एका ग्राहकाच्या आयटी विभागाने आक्षेप घेतला. तापमानाचे आकडे सोडून आमच्या यंत्रात चोरण्यासारखं आहे तरी काय?

उत्तर : चोरायला येतंय कोण? यंत्र कामाला जुंपायला येतात. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर लाखोंनी ताब्यात घेतले. त्यासाठी फार मोठी अक्कल लागली नव्हती. कारखान्यातून ठरलेली साठेक नावं आणि पासवर्ड यांची यादी घेऊन तो टेलनेट या दुरून लॉगिन करण्याच्या जुन्या सोयीचं एकेक दार ठोठावत गेला. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्या फौजेने डिन या कंपनीच्या डीएनएस सेवेवर (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेवर) मारा केला आणि कितीतरी मोठ्या वेबसाइट काही तास अनेकांना उघडेनाशा झाल्या. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांनाही वाटतच असणार, आपल्याकडे चोरण्यासारखं काय आहे.

तुमच्या बाबतीत तर याहून जवळचं नुकसान आहे. एक पासवर्ड कळला की कुणीही ३०० शीतगृहांचे इशारे बंद करू शकतो. माल नासल्यावर ग्राहक फोन तुम्हालाच करणार.

तेव्हा प्रत्येक नगाला वेगळा पासवर्ड द्या. तो अनुक्रमांकावरून किंवा मॅक पत्त्यावरून (यंत्राच्या नेटवर्कवरच्या ओळखक्रमांकावरून) 'बनवू' नका, कारण ते सूत्र आज ना उद्या कुणीतरी ओळखतो. चाचणीच्या जिगवर (बोर्ड तपासण्याच्या साच्यावर) तो यादृच्छिक तयार करा, यंत्रात भरा आणि त्याच क्षणी लेबल छापा. ईएसपी३२ वापरत असाल तर एक मेख लक्षात ठेवा. वाय-फाय किंवा ब्लूटूथ बंद असताना त्याच्या यादृच्छिक आकड्यांवर भरवसा ठेवू नका. सगळ्यात साधं म्हणजे पासवर्ड जिगच्या संगणकावर काढा. फोनवरून मदतीची अडचण खरी आहे, पण तिला तोड आहे. ग्राहकाने यंत्रावरचं बटण दाबलं तरच दहा मिनिटं दार उघडेल, असं करा. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून घरगुती वापराच्या जोडलेल्या यंत्रांना सरसकट एकच पासवर्ड ठेवायला कायद्यानेच बंदी आहे. युरोपीय संघाच्या कायद्यातली मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील, आणि त्यांची व्याप्ती याहून पुष्कळ मोठी आहे.

पासवर्डाइतकीच फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्रातल्या मूळ प्रोग्रामच्या, किल्लीचीही काळजी घ्या. २०१६ सालीच संशोधकांनी फिलिप्स ह्यू दिव्यातल्या चिपच्या वीजवापराचे बारकावे मोजून तिच्यातली गुप्त किल्ली काढली. त्या प्रकारच्या सगळ्या दिव्यांत तीच किल्ली होती, म्हणून एक दिवा फोडल्यावर बाकीच्यांना बनावट फर्मवेअर अधिकृत म्हणून गळी उतरवता आलं. यावर उपाय असा की यंत्रात फक्त सही तपासणारी सार्वजनिक किल्ली ठेवायची. सही करणारी खासगी किल्ली तुमच्याकडे, आणि तीही रोजच्या वापराच्या लॅपटॉपवर नको.

तुमच्या कोडचा जो तुकडा पाठवलात त्यात टीएलएस (जोडणी गुप्त ठेवणारी पद्धत) आहे, पण 'सेटइनसिक्योर' ही सर्व्हरची ओळख न तपासण्याची ओळही आहे. म्हणजे पाकीट बंद केलं, पण कुणाच्या हातात दिलं ते पाहिलं नाही. ती ओळ का आली असेल याचा अंदाज आहे, कारण मीही एकदा घातली होती. घड्याळाची बॅटरी नसलेलं यंत्र जागं होतं तेव्हा त्याच्या लेखी १ जानेवारी १९७० असतो. त्या तारखेला सर्व्हरचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं, म्हणून जोडणी नाकारली जाते. रात्री अकराला दुसऱ्या दिवशीच्या प्रात्यक्षिकासाठी माणूस ती तपासणीच काढून टाकतो. खरा इलाज म्हणजे आधी एनटीपीवरून (इंटरनेटवरच्या वेळ सांगणाऱ्या सेवेवरून) वेळ घ्या. ती वेळ फर्मवेअर बांधल्याच्या तारखेच्या मागची असेल तर धुडकावून लावा. आणि यंत्रात मूळ प्रमाणपत्र एकच ठेवू नका. ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेच्या साखळीतलं एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं, तेव्हा फक्त त्याच्यावर विसंबलेली यंत्रं एका दिवसात मुकी झाली.

हे सगळं दुरून बदलता यायला हवं, म्हणून फ्लॅशमध्ये फर्मवेअरसाठी दोन कप्पे ठेवा. नवं बिघडलं तर जुन्यावर परतता येतं. पण परतायचं कधी, हे नीट ठरवा. मी ते चुकीचं ठरवलं होतं. नवं फर्मवेअर सुरू झालं की लगेच 'ठीक आहे' असा शिक्का मारत होते. ते सुरू व्यवस्थित होत होतं, फक्त वाय-फाय जोडत नव्हतं. चाळीस यंत्रं शिडीवर चढून, पेट्या उघडून दुरुस्त केली. आता सर्व्हरशी एकदा बोलणं झाल्याशिवाय शिक्का नाही.

प्रश्न : विक्रीच्या बोर्डवरून डीबगचे (चिपच्या आत डोकावण्याचे) पॅड काढून टाकले तर सुरक्षित होईल ना?

उत्तर : नाही. पॅड गेले तरी चिपची पिन तिथेच आहे, आणि सुई लावणाऱ्याला तेवढी पुरते. उलट परत आलेला बोर्ड तपासताना तुमचेच हात बांधले जातील. टेस्ट पॉइंट राहू द्या, कुलूप चिपच्या आत लावा. एसटीएम३२ जातीच्या चिपमध्ये वाचनबंदीच्या पायऱ्या असतात. त्यांतल्या बहुतेकांत दुसरी पायरी कायमची, तिथून मागे येता येत नाही. ईएसपी३२ मध्ये त्यासाठी ई-फ्यूज, म्हणजे चिपमधल्या पुन्हा न पुसता येणाऱ्या खुणा, जाळावे लागतात. तेही एकदाच. आधी तीन-चार बोर्ड बळी द्यायच्या तयारीने सराव करा. माझ्या चिठ्ठ्यांपैकी एकीवर नुसतं 'फ्यूज आधी, फर्मवेअर नंतर' एवढंच आहे.

कुलूप लावलं तरी चिपचं तोंड उघडणारे निघतातच. ईएसपी३२ च्या जुन्या आवृत्तीचं सिक्योर बूट (फक्त अधिकृत फर्मवेअर सुरू होऊ देणारी सोय) २०१९ मध्ये नेमक्या क्षणी व्होल्टेजला झटका देऊन चुकवलं गेलं होतं. म्हणून वरच्या पत्रातला प्रत्येक नगाला वेगळ्या पासवर्डाचा मुद्दा तुमच्या किल्ल्यांनाही लागू आहे. कुणी एक यंत्र खोलून महिनाभर त्याच्यावर बसला, तरी त्याच्या हाती त्या एकाच यंत्राची किल्ली लागावी.

आणि बोर्डवर सिल्कस्क्रीनमध्ये (वरच्या छापील अक्षरांत) आवृत्तीचा क्रमांक छापा. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत दोन वेगळे बोर्ड आहेत, आणि यातला नवा कोणता ते मला ओळखता आलेलं नाही.