रसायनशास्त्रात संशोधन करायचं तर पीएच.डी.च हवी का? कंपनीतल्या आर अँड डीला संशोधन म्हणतात का?

तुम्ही लिहिलंय की एम.एस्सी. झाल्यावर एका औषध कंपनीच्या आर अँड डीत नोकरी मिळतेय, पण तुमचे सर म्हणतात, "ते संशोधन नव्हे, पीएच.डी. कर." एका ओळीत उत्तर देता आलं असतं. पण "ते संशोधन नव्हे" हे मी तीस वर्षं दर दिवाळीला फराळाबरोबर ऐकत आलोय, तेव्हा ओळ जरा लांबेल.

मी आयुष्यभर प्रोसेस डेव्हलपमेंट केलं, म्हणजे लॅबमधली कृती कारखान्यात बसवायची. माझ्याकडे पीएच रोज असायचा, पुढचा डी कधी आला नाही. आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, रसायनशास्त्राचे प्राध्यापक. १९९३ साली मला नोकरी लागली तेव्हा चकलीचा तुकडा मोडत म्हणाले, "म्हणजे आचारी झालास. कृती दुसऱ्याची, पातेलं मोठं."

पुढचाच पावसाळा. लोट्याच्या एमआयडीसीत आमचं लहानसं युनिट. पॅरा-नायट्रोफेनॉलचं लोखंडाच्या भुकटीने रिडक्शन करून पॅरा-अमिनोफेनॉल बनवायचो, म्हणजे पीएपी, ज्याचं पुढे पॅरासिटामॉल होतं. यात नवीन काहीच नाही, बेशाँची ही रिॲक्शन १८५४ सालची. लॅबमध्ये माझा माल पांढराशुभ्र. तोच प्लांटवर ३ केएलच्या, म्हणजे तीन हजार लिटरच्या रिॲक्टरमधून काढला की कधी गुलाबी, कधी चहाच्या रंगाचा. गिऱ्हाईक ड्रम परत पाठवायचं.

पीएपी हवेने काळवंडतं हे कुणीही सांगेल. म्हणून हायड्रो, म्हणजे रंग चढू न देणारं सोडियम हायड्रोसल्फाइट, घालत होतोच. तो वाढवला. रंग शोषणारा कोळसा बदलला, लोखंडाचा पुरवठादार बदलला, डीएम म्हणजे क्षार काढलेलं पाणी वापरून पाहिलं. फरक शून्य. मालक सगळ्यांदेखत म्हणाले, "तुमची लॅबची कृती लॅबमध्येच ठेवा." त्या रात्री चकलीचा तो तुकडा आठवला, खोटं कशाला सांगू.

शेवटी सगळी बॅचशीटं आणि प्लांटची लॉगबुकं घरी आणून जमिनीवर पसरली. ४१ बॅचेस, त्यातल्या ५ पांढऱ्या. शिफ्ट वेगळ्या, लोखंडाचे लॉट वेगळे, माणसं वेगळी. चारांच्या शेऱ्यात मात्र एकाच ऑपरेटरचं किरटं अक्षर: "कांप्रेसर बंद. नायट्रोजनवर दाबला." पाचवीच्या पुढे काहीच नव्हतं. सकाळी त्याला गाठलं. खेडजवळच्या गावचा, दहावी नापास. म्हणाला, "साहेब, त्या दिवशी पण लाइट गेलेली. लिवायचं राहिलं."

रिडक्शन झालं की लोखंडाचा गाळ गरम असतानाच गाळून काढावा लागतो, नाहीतर माल गाळातच बसतो. लॅबमध्ये बुकनर फनेलवर, म्हणजे छोट्या गाळणीवर, पाच मिनिटांत काम होतं. प्लांटच्या प्रेशर फिल्टरमध्ये गाळाचा थर जमतो आणि तीन तास लागतात. तो रेटायला आम्ही २ किलो दाबाची कॉम्प्रेस्ड एअर लावायचो. म्हणजे नव्वद अंशांच्या अमिनोफेनॉलवर तीन तास दाबाखाली ऑक्सिजन, आणि वरून ते झाकायला हायड्रो! पाण्याऐवजी पेट घेणारं मिथेनॉल असतं तर हवा लावायची छाती कुणाची झाली नसती. पाणी होतं, म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही.

मग लॅबमध्ये उलट तपासलं. एकाच गरम फिल्ट्रेटचे दोन भाग, एकात हवेचे बुडबुडे, दुसऱ्यात नायट्रोजनचे, तीन तास. पहिला चहा झाला, दुसरा जवळजवळ पाणीच राहिला. फिल्टरला नायट्रोजनची लाइन टाकली, हायड्रो निम्म्यावर आणला. ड्रम परत यायचे थांबले. शंका, प्रयोग, कंट्रोल, निष्कर्ष. भावोजी, याला काय म्हणतात?

बरं, हा वाद माझ्या घरातला नाही, दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीचा आहे. १८५६ साली अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने ईस्टरच्या सुटीत घरच्या प्रयोगशाळेत क्विनाइन करायला घेतलं आणि हाती आला जांभळा रंग, मोव्ह. पोराने कॉलेज सोडून रंगाचा कारखाना काढायचं ठरवलं, ते गुरू हॉफमनना मुळीच पटलं नाही. पुढे कारखाना चालवता चालवताच पर्किन १८६६ ला रॉयल सोसायटीचा फेलो झाला, १८६८ ला त्याने कुमारिन बनवलं, आणि त्याच्या नावाची रिॲक्शन तुम्ही परीक्षेत लिहून आला आहात.

आपल्याकडचं तर विचारूच नका. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरचं पेटंट काढून टाकलं, फक्त कृतीवरचं ठेवलं. मग अख्ख्या देशाचं डोकं "हाच रेणू दुसऱ्या वाटेने कसा करायचा" यातच लागलं. हैदराबादच्या आयआयसीटी या सरकारी रसायन संस्थेत ए. व्ही. रामाराव यांनी एझेडटी या एचआयव्हीवरच्या औषधाची कृती बसवली, सिप्लाने १९९३ ला ते बाजारात आणलं. २००१ मध्ये सिप्लाने एचआयव्हीची तीन औषधं मिळून वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव दहा हजारांच्या वर होता. रेणू यातला एकही आपला नव्हता. आचारी म्हणा हवं तर. १ जानेवारी २००५ पासून रेणूचं पेटंट परत आलं, तेव्हा तुमच्या वेळी खेळ थोडा वेगळा आहे, हे मान्य.

आणि डिग्रीवाल्यांचं उदाहरण हवं असेल तर जीवरसायनशास्त्रज्ञ कमलाबाई सोहोनी. १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत बाई म्हणून सी. व्ही. रामन यांनी त्यांना आधी प्रवेश नाकारला, तरी हटून तिथे शिकल्या, मग केंब्रिजची पीएच.डी. आणि परत येऊन काम कशावर? नीरेवर आणि कडधान्यांवर. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही, मग तुमच्या सरांना का वाटावा?

तर घ्या नोकरी. आता जे आधी सांगायला हवं होतं ते. विद्यापीठात प्राध्यापकपदापर्यंत जायचं असेल तर पीएच.डी.ला पर्याय नाही. नव्या रेणूंच्या शोधात जायचं असेल तरी ती लागेलच, मोठ्या कंपनीत एका पायरीनंतर प्रमोशन तिथेच अडतं, माझं अडलं. फेलोशिप आणि चांगला गाइड दोन्ही मिळत असतील तर मी सांगतोय म्हणून सोडू नका. आणि ऑफर घेण्याआधी एवढं विचारा की आर अँड डीच्या माणसाला प्लांटवर जाऊ देतात का, लॉगबुक बघू देतात का. "त्याची तुम्हाला काय गरज?" असं उत्तर आलं तर सर म्हणतात तेच खरं, तिथे नुसतं पातेलं आहे.

भावोजी आता निवृत्त आहेत. गुडघे दुखतात, रात्री पॅरासिटामॉल घेतात. मागच्या दिवाळीला मीच आणून दिली. स्ट्रिप फोडून गोळी तळहातावर घेतली, पांढरीशुभ्र. मी काही बोललो नाही, ताईने मात्र माझ्याकडे बघितलं.