गाडी घाटातच का तापते?

प्रश्न : माझी बारा वर्षांची पेट्रोल गाडी रत्नागिरी शहरात, अगदी मारुती मंदिरच्या गर्दीतसुद्धा, कधी तापत नाही. आईच्या उपचारांसाठी महिन्यातून दोनदा कोल्हापूरला जावे लागते. साखरपा मागे टाकून आंबा घाट चढू लागलो, गाडीत चौघेजण आणि एसी सुरू असला, की निम्म्या घाटात तापमानाचा काटा वर सरकू लागतो आणि माथा येईपर्यंत लाल रेषेला टेकतो. पुढे मलकापूरच्या बाजूला रस्ता सपाट झाला की तो आपोआप खाली येतो. कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीतले पाणी पंधरा दिवसांत दोन बोटे उतरते, पण गाडीखाली एक थेंबही दिसत नाही. एका मेकॅनिकने थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, काढून टाकला. काही फरक पडला नाही. दुसरा रेडिएटर बदला म्हणतो आणि तिसऱ्याच्या मते हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालची (हेडखालची) सीलची पट्टी, गेले आहे. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तूर्त तिघांपैकी कोणाचेही नको. तिघांनी सुटा भाग सुचवला आहे. तपासणी एकानेही केलेली नाही. वास्तविक निदानाचे निम्मे काम आपल्या पत्रानेच केले आहे, कारण गाडी केव्हा तापते याच्याइतकेच ती केव्हा तापत नाही हेही आपण नेमके लिहिले आहे.

गर्दीत गाडी उभी असते तेव्हा समोरून वारा मिळत नाही आणि रेडिएटरमधून हवा ओढण्याचे सगळे काम एकट्या पंख्यावर पडते. तिथे आपला काटा जागचा हलत नाही, म्हणजे पंखा, त्याची मोटर आणि रिले बहुधा ठीक आहेत. एक खात्री मात्र करून घ्यावी. एसी लावताच पंखा फिरतो तो एसीच्या मागणीमुळे. पाणी तापल्यावर तो स्वतःहून सुरू होतो की नाही हे पाहण्यासाठी एसी बंद ठेवून गाडी अंगणात पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावी. घाटातली परिस्थिती वेगळी असते. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढते, इंजिन जवळजवळ पूर्ण ताकदीने चालते, वेग मात्र ताशी पंचवीस-तीस किलोमीटरचाच असतो, आणि रेडिएटरच्या पुढे बसवलेला एसीचा कंडेन्सर आपली उष्णता त्याच हवेत सोडत असतो. थोडी उष्णता असली तर यंत्रणा ती बाहेर टाकते, जास्त झाली की कमी पडते, असा याचा अर्थ आहे. तेव्हा शोध घ्यायचा तो यंत्रणेची ताकद कशाने घटली याचा.

आपल्या किनारपट्टीवर माझा पहिला संशय रेडिएटरच्या बाहेरच्या अंगावर जातो. जांभ्याची तांबडी धूळ, किडे आणि सुकलेले गवत कंडेन्सर व रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत साचते आणि समोरच्या जाळीतून पाहणाऱ्याला सगळे स्वच्छच दिसते. त्यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या एका गाडीचा रेडिएटर मी उतरवताना पाहिला आहे. वरून तो धड दिसत होता, पण अंगठा लावताच अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्या पापडाच्या चुऱ्यासारख्या गळून पडल्या आणि बोटांवर पांढरी पूड राहिली. नळ्या शाबूत होत्या, पाणी गळत नव्हते, फक्त उष्णता हवेत सोडणाऱ्या पत्र्याच उरल्या नव्हत्या. आपल्या गाडीचा कंडेन्सर पुढे सरकवून मागून टॉर्चचा उजेड पाडावा. पत्र्या शाबूत असतील तर इंजिनाच्या बाजूकडून पुढच्या दिशेने साध्या नळीने पाणी मारून कचरा बाहेर काढावा. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने पत्र्या आडव्या होतात आणि हवेची वाट अधिकच बंद होते.

आतून नळ्या चोंदल्या असतील तर तेही हाताने कळते. इंजिन पूर्ण तापल्यावर बंद करावे, किल्ली काढून घ्यावी, कारण काही गाड्यांचा पंखा नंतरही अचानक फिरतो, आणि रेडिएटरच्या पृष्ठभागाजवळून सावकाश हात फिरवावा. मध्येच गार पट्टे लागले तर त्या भागातून पाणी वाहत नाही.

थर्मोस्टॅटबद्दल मला थोडे कडक लिहावे लागेल. गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे आणि ती बहुतेक वेळा चुकीची असते. हा भाग साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला उघडू लागतो. इंजिन लवकर योग्य तापमानाला आणणे हे त्याचे एक काम. अनेक इंजिनांत त्याचे दुसरेही काम असते, ते म्हणजे पूर्ण उघडताना खालच्या चकतीने बायपासची वाट बंद करणे. तो काढला की ती वाट कायमची उघडी राहते आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाताच पुन्हा इंजिनात शिरतो. आपल्या इंजिनाची रचना अशी असेल तर घाटातली तक्रार या ‘उपायाने’ वाढू शकते. शिवाय गार इंजिन पेट्रोलही जास्त पिते. नवा थर्मोस्टॅट बसवून घ्यावा आणि बसवण्यापूर्वी पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगून, थर्मामीटर ठेवून, तो त्याच्यावर छापलेल्या अंशाच्या आसपास उघडतो का ते पाहावे. स्वयंपाकघरातले पातेले मात्र पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ देऊ नये.

आता उतरणारे पाणी. ते जमिनीवर पडत नसेल तर वाफेने जाते, इंजिनाच्या अंगावर सुकते, गाडीच्या आत झिरपते किंवा सिलिंडरमध्ये जळते. सर्वांत स्वस्त संशयित म्हणजे रेडिएटरचे झाकण. बऱ्याच झाकणांवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तितक्या बार दाबापर्यंत ते पाणी धरून ठेवते. समुद्रसपाटीला उघड्यावर १०० अंशांना उकळणारे साधे पाणी १.१ बार जादा दाबाखाली १२० अंश ओलांडल्यावर उकळते. झाकणाचे रबर कडक झाले की हा दाब टिकत नाही, घाटात पाणी आतल्या आत उकळते आणि वाफ बाटलीच्या तोंडातून निघून जाते. आपल्या दोन्ही तक्रारी या एकाच दोषातून उद्भवू शकतात, म्हणून त्याच आकड्याचे नवे झाकण आधी घ्यावे.

वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असते. सील झिजले की इंजिन गरम असताना तिथून पाणी पाझरते आणि थेंब होऊन पडण्याआधीच सुकते, मागे कूलंटच्या रंगाचा खरपूस थर ठेवून. गरम कूलंट जिच्यातून फिरते ती हीटरची छोटी जाळी गळत असेल तर पुढच्या सीटपुढची चटई ओली होते. आपल्याकडे पावसाळ्यात ओली चटई पावसाच्याच खात्यावर जमा होते आणि हीटर तर कोकणात कोणी लावत नाही, त्यामुळे ही गळती महिनोन्महिने लपून राहते. चटई चुरगळून वास घ्यावा. कूलंटचा वास गोडसर असतो.

हेड गॅस्केटचा निर्णय अंदाजाने घेऊ नये, कारण तो खर्चाचा आहे. पहाटे थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा होज पाइप दगडासारखा कडक होत असेल, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील किंवा सायलेन्सरचा पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल, तर संशय पक्का होतो. तेलाच्या झाकणाखाली दिसणाऱ्या दुधाळ थरावरून मात्र लगेच घाबरू नये. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत बाजारापुरती फिरणाऱ्या निरोगी गाडीतही तो धरतो. ऑइलची कांडी काढून आतले तेलच दुधाळ झाले आहे का ते पाहावे. खात्रीसाठी दोन चाचण्या आहेत. हातपंपाने यंत्रणेत झाकणाइतका दाब भरून तो पंधरा मिनिटे टिकतो का पाहणे ही पहिली. दुसरीत रेडिएटरच्या तोंडावरची हवा निळ्या रसायनातून ओढतात. त्यात ज्वलनाचा वायू असेल तर पेट्रोल गाडीत ते पिवळे पडते. ही दुसरी चाचणी न करता कोणी हेड उतरवायला सांगितले तर नम्रपणे गाडी परत न्यावी. हेड उतरवावेच लागले तर ते वाकले आहे का हे लेथवाल्याकडून मोजून घेतल्याशिवाय नवे गॅस्केट बसवू देऊ नये.

तोवर कोल्हापूरला जाणे टळणार नाही, हे मी समजतो. घाट सुरू होताना एसी बंद करावा. काटा मध्याच्या वर गेला की हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात लावावा. घाम फुटेल, पण तो एक लहानसा जादा रेडिएटरच असतो. तरीही काटा चढला तर लाल रेषेची वाट न पाहता सुरक्षित जागी थांबावे आणि निदान अर्धा तास झाकणाला हात लावू नये.

प्रश्न : प्रवासात पाणी कमी झाले म्हणून चालकाने वाटेतल्या विहिरीचे पाणी रेडिएटरमध्ये भरले. आमच्या बाजूच्या विहिरी किंचित मचूळ आहेत. चालेल का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : अडचणीत चालेल, वस्तीला ठेवू नये. मचूळ पाण्यातले क्षार अॅल्युमिनियमला आतून बारीक खड्डे पाडतात. घरी आल्यावर सगळे पाणी सोडून, यंत्रणा डिस्टिल्ड पाण्याने धुऊन नवे कूलंट भरावे. पाणी न मिसळलेले घट्ट कूलंट (कॉन्सन्ट्रेट) असेल तर डिस्टिल्ड पाण्याशी निम्मे-निम्मे मिसळावे. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालू नये. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असे विचारले जाते. त्यातील गंजरोधक द्रव्ये आणि वाढलेला उत्कलनबिंदू या दोन गोष्टी बर्फ न पडणाऱ्या कोकणातही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. हिरवे आणि गुलाबी कूलंट एकत्र करू नये. रंगावरून प्रकार ओळखण्याचा ठरलेला नियम नाही, बाटलीवरची माहितीच वाचावी.

प्रश्न : घाटात काटा लाल रेषेपर्यंत गेला आणि मग एकाएकी खाली आला. गाडी आपोआप गार झाली असे समजून पुढे जावे का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : मुळीच नाही. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच खरे सांगतो. पाणी संपून तो हवेत उघडा पडला की काटा खाली येऊ शकतो, आणि इंजिन त्या वेळी सर्वाधिक तापलेले असते. गाडी तिथेच बंद करावी.