समुद्रकाठच्या गावात वाढलेल्या मुलांचे लहानपण कसे असते?

माझे लहानपण दापोली तालुक्यातील हर्णै या बंदराच्या गावी गेले. तेथील दिवसांविषयी सांगताना पहिली गोष्ट सांगावी लागते ती ही, की आमच्या घरात घड्याळापेक्षा तिथीला अधिक मान होता.

आपल्या कोकण किनाऱ्यावर तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. म्हणजे पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, म्हणून हा हिशेब दोन्ही पक्षांत चालतो. पाऊणकीचा पाढा मी शाळेआधी आजीच्या तोंडून शिकलो.

पंचमीच्या सुमारास सकाळी साडेनऊ-दहाला पाणी पुरते ओसरत असे आणि सुट्टी असली की आजी मला घेऊन खडपावर कालवे काढायला जाई. खडकाला घट्ट चिकटलेल्या शिंपेच्या फटीत ती लोखंडी हत्याराचे टोक घाली, मनगटाला एकच हिसका देई आणि आतले मांस त्याच्या खाऱ्या पाण्यासकट वाडग्यात घेई. मला मात्र एका कालवासाठी चार-पाच घाव लागत, आणि त्यात शिंपेचा चुरा मांसात गेला की आजी ते बाजूला काढून ठेवी, कारण आमटीत एक कण जरी दाताखाली आला तरी साऱ्या जेवणाची चव जाते. समोर कितीही कालवे दिसत असले तरी पाणी फिरले की ती लगेच उठे. त्या बाबतीत तिच्याशी वाद घालण्याची आमच्यापैकी कोणाचीही प्राज्ञा नव्हती, आणि ते योग्यच होते, कारण खडपावर पाणी समोरून येण्याआधी मागच्या घळीत शिरते व परतीची वाट बंद करते.

संध्याकाळी बंदरावर लिलाव असे. होड्या उथळ पाण्यात थांबत, बैलगाड्या थेट पाण्यात जात आणि पापलेट, सुरमई, कोळंबीच्या टोपल्या भरून वाळूवर येत. बोली इतकी भरभर चाले की भाव कोणत्या क्षणी ठरला हे कळायला आम्हा मुलांना काही वर्षे लागली.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असत. त्या दिवसांत जेवणात सुकट आणि सुके बांगडे, आणि घरोघरी जाळी दुरुस्त करण्याचे काम. त्यासाठी सुतळी धरून बसण्याची पाळी आम्हा मुलांवर येई. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होईपर्यंत हेच चाले.