दम लागत नसताना रोज पंप कशाला?

प्रश्न: मुलगी १४ वर्षांची, दमा आहे. पावसाळ्यात आमच्या भांडुपच्या घरात भिंतीला ओल येते आणि तिची छाती वाजायला लागते. डॉक्टरांनी रोजचा स्टेरॉइड पंप दिलाय. रक्तात इओसिनोफिल वाढलेत, इंटरल्यूकिनमुळे सूज आहे म्हणाले, ते काही कळलं नाही. आता महिनाभर ती एकदम बरी आहे, तर सासूबाई म्हणतात बंद कर, सवय लागेल. करू का?

उत्तर: ताई, नका करू. इंटरल्यूकिन म्हणजे पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ती प्रोटीन्स. भिंतीवरची बुरशी, झुरळांची घाण, गादीतले धुळीचे किडे, यातलं काही श्वासातून गेलं की श्वासनळीचं अस्तर आधी टीएसएलपी नावाचं प्रोटीन सोडतं, हा समजा गिरणीचा भोंगा, तो वाजला की प्रतिकारपेशी कामाला लागतात आणि पुढची तीन सोडतात. ४ नंबरचं इंटरल्यूकिन आयजीई ही ॲलर्जीची अँटीबॉडी बनवायला लावतं. ५ नंबरचं हाडांच्या मगजात इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, वाढवतं आणि त्यांना लवकर मरूही देत नाही, तुमच्या रिपोर्टमधला आकडा त्यातलाच. सगळ्यात छळवादी १३ नंबरचं, चिकट कफ त्याच्यामुळे वाढतो आणि नळ्या इतक्या चिडक्या होतात की फोडणीचा ठसकासुद्धा पुरतो.

दम लागत नाही म्हणजे हे सगळं थांबलं असं नसतं हो! निळा पंप नळीचे स्नायू सैल करतो, काही मिनिटांत बरं वाटतं म्हणून लोक त्याच्यावरच राहतात आणि सूज आत तशीच. स्टेरॉइड पंप पेशींना ही प्रोटीन्स बनवण्यापासूनच रोखतो, म्हणून तर रोज लागतो. २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्येही स्पष्ट आहे, १२ वर्षांपुढच्या कुणालाही नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका.

सवय लागत नाही. गोळीतलं स्टेरॉइड मिलिग्रॅममध्ये असतं, पंपातलं मायक्रोग्रॅममध्ये. फक्त घेतल्यावर चूळ भरून थुंकायला सांगा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

मेपोलिझुमॅब ५ नंबरला अडवतं, टेझेपेलुमॅब थेट टीएसएलपीला, पण ही महागडी इंजेक्शनं गंभीर दम्यासाठी, तुमची लेक पंपावर बरी आहे.

तीनेक महिने अशीच बरी राहिली की डोस कमी करायचं डॉक्टरांना विचारा, मात्र भर पावसाळ्यात नको. आणि त्या भेटीला सासूबाईंनाही घेऊन जा, त्यांची शंका त्यांनाच विचारू दे.