नाक चोंदलेले, अहवाल मात्र नॉर्मल

प्रश्न : वर्षभर माझ्या नाकाची उजवी बाजू सतत चोंदल्यासारखी वाटते. तज्ज्ञांनी रायनोमॅनोमेट्री ही हवेचा प्रवाह मोजणारी तपासणी केली. एकूण आकडा नॉर्मल आला. घरचे म्हणतात, हे सगळे मनाचे खेळ आहेत. खरे काय समजावे?

उत्तर : त्रास खरा समजावा. घरच्यांनी निष्कर्ष काढण्याची घाई केली आहे. या तपासणीत एका नाकपुडीला दाब मोजणारी नळी हवाबंद चिकटवून, मास्क लावून दुसऱ्या नाकपुडीने श्वास घ्यायला सांगतात आणि साधारणतः १५० पास्कल दाबफरकाला किती हवा जाते, यावरून त्या बाजूचा अडथळा ठरवतात. दोन्ही बाजूंचा मिळून काढलेला आकडा मात्र फसवा असू शकतो, कारण एक बाजू अरुंद असली तरी मोकळी बाजू तिची उणीव भरून काढते. म्हणून अहवालातील उजव्या बाजूचा आकडा स्वतंत्रपणे पाहावा; रुग्णाच्या तक्रारीशी एकेका बाजूच्या मोजमापाचा मेळ त्यातल्या त्यात बरा बसतो. शिवाय निरोगी माणसाच्याही नाकपुड्या काही तासांच्या अंतराने आळीपाळीने चोंदतात व सुटतात. त्यामुळे नाक मोकळे करणारा स्प्रे मारून पुन्हा मोजतात. आकडा बराच सुधारला तर दोष बहुधा अस्तराच्या सुजेचा, फारसा हलला नाही तर दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याचा किंवा हाडाच्या ठेवणीचा.

आता जाणिवेविषयी. आत जाणाऱ्या हवेने अस्तर गार होते, तो गारवा ट्रायजेमिनल ही नस टिपते आणि नाक मोकळे असल्याची भावना मुख्यतः त्यावरून होते. मेंथॉल हुंगल्यावर नाक सुटल्यासारखे वाटते, पण त्याच वेळी मोजल्यास अडथळा जवळपास पूर्वीइतकाच भरतो. याउलट, शस्त्रक्रियेत अस्तर फार काढले गेलेल्या काही रुग्णांना वाट ऐसपैस असूनही श्वास कोंडल्यासारखा वाटतो. यंत्राला हा गारवा कळत नाही. तक्रारीची तीव्रता जोखण्यासाठी डॉक्टर ‘नोज’ ही पाच प्रश्नांची, ० ते १०० गुणांची प्रश्नावली वापरतात; ती आपण अवश्य भरून द्यावी.

आणखी एक बाब पुढच्या भेटीत सांगावी. जोरात श्वास ओढताना उजवी नाकपुडी आत खेचली जाते का, आणि बोटाने गाल बाहेरच्या बाजूला ताणल्यावर बरे वाटते का? संथ श्वासावर केलेल्या मोजमापात हा दोष निसटू शकतो.