एकच इंजिन, पण सुपरचार्जर दोन

प्रिय मित्रा, अनेक आशीर्वाद.

घरच्या 2019 च्या एफ-150 ट्रकमध्ये आणि तुझ्या 2016 च्या मस्टँगमध्ये फोर्डचंच 5.0 लिटर व्ही-8 आहे, मग दोन्हींना एकाच प्रकारचा सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा, इंजिनाच्याच बेल्टवर चालणारा पंप, म्हणजेच ब्लोअर) का नको, असं तू विचारलंस. तुझ्या पत्रात ‘किती हॉर्सपॉवर’ चार वेळा आलं, ‘किती आरपीएमला’ (मिनिटाला किती फेऱ्यांवर) एकदाही नाही. खरा प्रश्न तो आहे. ट्रक घोड्यांचा ट्रेलर ओढतो, त्याचा दिवस 1,800 ते 3,500 आरपीएममध्ये जातो. मस्टँग तू ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ शर्यतीच्या पट्टीवर) 7,000 पर्यंत खेचतोस. हवा कुठे हवी ते आधी ठरव, यंत्र मग ठरतं.

सुपरचार्जरचे तीन प्रकार: रूट्स, ट्विन-स्क्रू आणि सेंट्रिफ्युगल. सगळ्यांत जुना रूट्स. इंडियानातल्या कॉनर्सव्हिलच्या रूट्स बंधूंनी 1860 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती. यात एक गोष्ट नीट समजून घे: रूट्स आतल्या आत हवा दाबतच नाही. दोन रोटर कडेकडेने हवा वाहून नेतात आणि मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळकांड्यात) ढकलतात. तिथली दाबाखालची हवा उलटी आत घुसते, आपटते आणि तापते. जुन्या 6-71 ब्लोअरचं (जीएमच्या टू-स्ट्रोक डिझेलवरचा, सहा सिलिंडर, प्रत्येकी 71 घनइंच, म्हणून ते नाव) दुखणं हेच. ईटन कंपनीच्या टीव्हीएस या नव्या रूट्समध्ये प्रत्येक रोटरला चार पाती आणि 160 अंशांचा पीळ असतो, त्याने हा उलटा झोत बराच मऊ होतो. 2020 च्या शेल्बी जीटी500 वर 2.65 लिटरचा टीव्हीएस आहे आणि ती गाडी 760 हॉर्सपॉवर देते. तेव्हा ‘रूट्स म्हणजे जुनाट’ हे कोणी सांगितलं तर मान डोलवू नकोस.

ट्विन-स्क्रूमध्ये दोन असमान रोटर एकमेकांत गुंततात आणि हवा लांबीभर सरकताना आतच दाबली जाते. डॉज हेलकॅट आणि 702 हॉर्सपॉवरचा रॅम टीआरएक्स यांच्या 6.2 लिटर इंजिनांवर 2.4 लिटरचा असाच आहे. जास्त बूस्टला (वाढवलेल्या हवेच्या दाबाला) हा थंड राहतो. पण तो फिरेल तेव्हा दाबतोच, म्हणून सावकाश चालवताना हवा परत फिरवणारा बायपास व्हॉल्व्ह पूर्ण उघडलाच पाहिजे. त्याची व्हॅक्यूमची नळी निसटली किंवा चिरली, तर गाडी पेट्रोल पिते आणि साध्या हायवेवर हवा तापते. लोक ट्यूनरला (इंजिनाच्या कॉम्प्युटरची मांडणी जुळवणाऱ्याला) शिव्या देत बसतात आणि दोष बोटभर रबराचा निघतो.

सेंट्रिफ्युगल म्हणजे एक्झॉस्टवर फिरणाऱ्या टर्बोचा हवा दाबणारा थंड अर्धा भाग, पण बेल्टवर चालवलेला. बूस्ट साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो. 6,000 ला 10 पीएसआय (चौरस इंचाला 10 पौंड दाब) मिळत असेल, तर 3,000 ला अडीचच. ट्रेलर घेऊन चढ चढताना अडीच पीएसआय कुणाच्या कामाचे? मस्टँगला मात्र हाच दोष वरदान ठरतो: खाली जोर कमी म्हणून मागची चाकं जागेवर फिरत नाहीत, आणि सिलिंडरमधला दाब हळूहळू चढतो म्हणून कनेक्टिंग रॉडला (पिस्टनला इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी, क्रँकशी जोडणाऱ्या) कमी आरपीएमवर घणाचा घाव बसत नाही.

आता उष्णता. माझ्या मते निवडीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग हा आहे, म्हणून गणित करूनच दाखवतो. 8 पीएसआय बूस्ट म्हणजे दाबाचं गुणोत्तर (14.7 + 8) ÷ 14.7, म्हणजे 1.54. बाहेर 27 अंश सेल्सिअस असताना आदर्श यंत्रातही हवा 39 अंशांनी तापते. कार्यक्षमता 75 टक्के असेल तर ही वाढ 52 अंश होते, 60 टक्के असेल तर 65, आणि 50 टक्के असेल तर 78. म्हणजे इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरच्या) आधीच हवा 79, 92 किंवा 105 अंशांवर पोचते. त्यात तुझ्या ट्रकचं कॉम्प्रेशन (सिलिंडरात मिश्रण किती पट दाबलं जातं ते) 12:1, मस्टँगचं 11:1. गरम हवेने नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकणं) सुरू होतं, कॉम्प्युटर इग्निशन टायमिंग मागे ओढतो आणि विकत घेतलेली ताकद तिथेच संपते. 91 किंवा 93 ऑक्टेनशिवाय पेट्रोल भरू नकोस. एक सूचना: अमेरिकन पंपावरचा ऑक्टेनचा आकडा दोन चाचण्यांच्या सरासरीचा असतो, भारतातला त्यांतल्या एकाच चाचणीचा, आरओएनचा. अमेरिकेतला 91 म्हणजे भारतातल्या सुमारे 95–96 सारखा, तेव्हा पुण्यात राहणाऱ्या भावाच्या आकड्यांशी थेट ताडून बघू नकोस.

ट्रकला माझं उत्तर: टीव्हीएस किंवा ट्विन-स्क्रू, 6 ते 8 पीएसआय, त्याहून एक पीएसआय जास्त नाही. दोघांत भांडण नको, ज्याचा पुढचा रेडिएटर मोठा आणि ट्यून नीट तो घे. या दोन्हींत इंटरकूलर बहुधा पाण्यावरचा आणि ब्लोअरला लागूनच असतो. लांब चढावर ते पाणी तापलं की उतरायला वेळ लागतो. आणि पाणी भरताना हवा अडकली, तर काही सेकंदांतच हवेचं तापमान उडी मारतं. इग्निशन चालू करून टाकीचं झाकण उघड, आत पाणी फिरताना दिसलं पाहिजे. फक्त पंपाची घरघर ऐकू आली तर पुन्हा हवा काढ.

मस्टँगला सेंट्रिफ्युगल, पुढे हवेवर चालणारा इंटरकूलर. काही युनिटं इंजिनाचंच तेल घेतात. त्यांच्या परतीच्या नळीला सतत उतार हवा, नाहीतर सील गळतं. स्वतःचं तेल असलेल्या युनिटचं तेल पुस्तकातल्या मैलांवरच बदल. थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) सोडल्यावर जास्तीची हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह किटमध्ये आहे ना ते बघ. तो नसेल तर हवा उलटी आपटून इम्पेलरवर (आतल्या पंख्यावर) ताण येतो.

किट उघडण्याआधी आठही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (बंद सिलिंडरातून किती हवा गळते ते) तपास. सिलिंडरांमधला फरक 10 टक्क्यांच्या वर असेल तर खोकं बंद ठेव. मस्टँगवर आणखी एक काम आधीच करून घे: ऑइल पंपाचे गिअर. मूळ गिअर पावडर-मेटलचे असतात, बूस्टखाली रेव्ह लिमिटरवर (इंजिनाच्या कमाल आरपीएमच्या मर्यादेवर) आपटले की फुटतात, आणि तेलाचा दाब गेला की इंजिन गेलं. पुढचं कव्हर काढावं लागतं, म्हणून सुपरचार्जर चढवल्यावर तेच काम दुप्पट होतं.

पेट्रोलचा हिशोब ट्यूनरवर सोडू नकोस, स्वतः कर. मस्टँगकडून क्रँकवर 600 हॉर्सपॉवर हवे असतील, तर दर हॉर्सपॉवरला तासाला 0.62 पौंड धरून 372 पौंड होतात. आठने भागले की 46.5, आणि इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) 80 टक्क्यांवर थांबवायचा म्हणून भागिले 0.8, म्हणजे सुमारे 58. तेव्हा 60 पौंडांपेक्षा लहान इंजेक्टर घेऊ नकोस, आणि पंपही त्याच मापाचा हवा. ट्रकमध्ये पोर्ट (हवेच्या वाटेत पेट्रोल फवारणारं) आणि डायरेक्ट (थेट सिलिंडरात फवारणारं) अशी दोन्ही इंजेक्शनं आहेत, तिथे हे गणित जसंच्या तसं लावू नकोस. प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारा) घे, गॅप 0.7 ते 0.8 मिलिमीटर. गॅप मोठा राहिला तर बूस्टमध्ये ठिणगी विझते आणि गाडी वरच्या आरपीएमला अडखळते.

पुली बदलायचा मोह तुला होणारच. ब्लोअरचा वेग म्हणजे क्रँकचा आरपीएम गुणिले क्रँक पुली, भागिले ब्लोअर पुली. क्रँक पुली 7 इंच आणि ब्लोअरची 3.5 असेल, तर 6,500 ला रोटर 13,000 वर फिरतो. तीच 3.25 केली की 14,000. पाव इंचात हजार आरपीएम! ब्लोअरची कमाल मर्यादा आधी बघ. लहान पुलीवर बेल्टला पकडही कमी मिळते. वरच्या आरपीएमला बूस्ट चढायच्या जागी खाली येत असेल, तर आधी बेल्ट घसरतोय का ते बघ, मग फिल्टर तुंबलाय का ते.

आणि बूस्टचा काटा हा ताकदीचा काटा नाही. इंजिनात न शिरलेल्या हवेचा तो दाब. एक्झॉस्ट मोकळा केल्यावर बूस्ट एक पीएसआयने उतरून ताकद वाढली, तर दचकू नकोस.

कॅलिफोर्नियात राहायला जाणार असशील, तर किटला तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर (मंजुरी) क्रमांक आहे का ते आजच विचार. नसला तर गाडी स्मॉग (धुराच्या) तपासणीत अडकते.

सुरुवातीचा ट्यून कॉम्प्युटरमध्ये भरल्याशिवाय इंजिन चालू करू नकोस. पहिल्या दिवशी बूस्टमध्ये न जाता 30–40 मैल फिरव, थंड झाल्यावर बेल्टची रेष आणि क्लँप पुन्हा बघ. मग एकाच गिअरमध्ये एकच पूर्ण थ्रॉटल, आणि त्यात हवा-पेट्रोलचं प्रमाण, पेट्रोलचा दाब, नॉक, इंटरकूलरनंतरचं तापमान आणि बूस्ट यांची नोंद. पूर्ण थ्रॉटलला प्रमाण 11.5 ते 11.8 च्या आसपास असावं. ते 12.5 कडे सरकताना, म्हणजे पेट्रोल कमी पडताना दिसलं तर त्याच क्षणी पाय काढ. तापून आपल्या फटीपेक्षा जास्त फुगलेल्या पिस्टन रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा काठ तुटतो, त्याला एक खेप पुरते. नोंदीची फाइल मला पाठव, दुसरी खेप ती बघितल्यावर.

कळावे,
तुझा काका