ग्लासगोला येणार असाल, तर डायव्हिंग सोडू नका

तारकर्लीला ओपन वॉटर हे स्कुबा डायव्हिंगचे सुरुवातीचे प्रमाणपत्र घेतले, अंदमानात थोडेफार डायव्हिंग केले आणि आता सहकुटुंब ग्लासगोला जाताना हा छंद गुंडाळून ठेवावा, की तिथल्या थंड पाण्यातला सराव पुढे मालवण-अंदमानला उपयोगी पडेल, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसा आणि घरभाडे यांची माहिती सरकारी संकेतस्थळांवर आहेच. ती सोडून देते. सराव निश्चित उपयोगी पडतो. सविस्तर लिहिते आहे, कारण तुमच्या प्रश्नाने माझ्याही मनातले बरेच काही वर आले.

ग्लासगोजवळच्या लॉख लाँग या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यात हिवाळ्याच्या अखेरीस पाणी ६-७ अंशांवर येते, आणि डोंगरांतून उतरणारे तपकिरी गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर थर धरून राहत असल्यामुळे खाली भर दुपारी टॉर्च लागतो. एवढ्या थंडीत रेग्युलेटरमधून, म्हणजे टाकीतली हवा तोंडाशी देणाऱ्या उपकरणातून, सुटणारी हवा प्रसरण पावून आणखी गार होते, ओलावा गोठतो, झडप उघडी राहते आणि हवा धो धो वाहू लागते. तरीही त्याच रेग्युलेटरमधून श्वास घेत जोडीदारासह सावकाश वर कसे यायचे, हे इथल्या डायव्हिंग क्लबात अक्षरशः घोटवून घेतात. ऑक्टोबरात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ उतरले, तेव्हा पावसाळ्यानंतरच्या गढूळ पाण्यात जोडीदाराच्या पायांतले फिन्सही जेमतेम दिसत होते, पण माझा श्वास संथ राहिला. जाड हातमोज्यांतून क्लिप चाचपून लावायची सवय झालेल्या बोटांना तिथे उघड्या हातांनी काहीच अवघड गेले नाही.

मात्र उबदार पाण्यात पहिल्याच दिवशी अंगावर बांधायचे शिशाचे वजन नव्याने तपासून घ्या. अंग कोरडे ठेवणाऱ्या, आत हवा असलेल्या ड्रायसूटसाठी लागणारे शिसे, आत पाणी शिरू देणाऱ्या पातळ वेटसूटला फार जास्त होते. शिवाय अंदमानच्या स्वच्छ पाण्यात तळ जवळ वाटतो आणि नकळत खोल जायला होते.

कागदपत्रांनी मला फार छळले. वैद्यकीय स्वयंघोषणेत लहानपणीच्या दम्यापुढे ‘हो’ लिहिले आणि डायव्हिंगची जाण असलेल्या डॉक्टरांनी जुन्या नोंदी मागितल्या. आमच्या गावच्या डॉक्टरांनी पुड्या बांधून दिलेल्या औषधांची नोंद कुठून आणणार? तुम्हाला असा काही पूर्वेतिहास असेल, तर निघण्यापूर्वीच तपासणी करून सही-शिक्क्याचे पत्र घ्या.

एकटेपणाचे म्हणाल, तर रविवारी क्लबात जात राहा. तिथे उतरण्यापूर्वी कोणीतरी तुमचे पट्टे आणि झडपा तपासतेच. मात्र हा आत्मविश्वास पाण्याबाहेर आपोआप येईल, असे मी सांगणार नाही. माझ्या मुलाला गणित उत्तम येत असूनही, वर्गात इंग्रजी बोलत नाही म्हणून खालच्या गटात बसवले. अंधाऱ्या पाण्यात न डगमगणारी मी, त्याच्या शिक्षिकेसमोर इंग्रजी वाक्ये जुळवत बसले आणि म्हणायचे होते ते न म्हणताच उठले. तो गट पुढे बदलला, पण ते अजून सलते. पाण्याखाली खुणांनी भागते, हेही मला तिथे इतके बरे वाटण्याचे एक कारण असावे.

जमल्यास ऑगस्टमध्ये या. तेव्हा पाणी १३-१४ अंशांवर असते. ड्रायसूटचे प्रशिक्षण तेव्हाच घ्या आणि हिवाळ्यातही उतरत राहा. सूट लगेच विकत घेऊ नका. भाड्याचे दोन-तीन वापरून पाहा, आणि पाणी आत येऊ न देणारे मानेचे सील गळ्याला आवळत असेल, तर तो सूट कितीही स्वस्त मिळाला तरी नाकारा.